नऊ फर्मे नातेवाईक

संपादकीय अहवाल अकरा पानांचा होता आणि त्यात निर्भेळ कौतुकाचं म्हणावं असं वाक्य एकच होतं : ‘पानांचे क्रमांक बरोबर आहेत.’ मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अहो, ते कॉम्प्युटर घालतो.”

पुस्तक आमच्या नौपाड्यातल्या चाळीच्या आठवणींचं. चाळ पुनर्विकासात गेली, बिऱ्हाडं घोडबंदर रोडला पांगली, आणि पांगलेल्या माणसाला आठवणी लिहाव्याशा वाटतातच. त्यात ठाण्याची हवा तशी. १८९३ पासून इथे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, २०१० साली ८४वं साहित्य संमेलन इथेच भरलं, आणि गडकरी रंगायतनच्या बाहेर जरा वेळ उभं राहिलं तर निदान दोन कवी भेटतात. अशा गावात निवृत्त माणूस काही लिहीत नसेल, तर लोक काळजीने तब्येत विचारतात.

आधी मी संहिता उपवनला सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांना पाठवली होती. अर्धी संहिता एका डीटीपीवाल्याने श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेली. ती फोनवर उघडली की अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं आणि कंस दिसतात. तरी तिघांनी कळवलं की भाषा ओघवती आहे. एकाला शेवट विशेष आवडला. फाइल उघडत नाही असं सांगणारी पहिली व्यक्ती म्हणजे हा अहवाल लिहिणाऱ्या संपादकबाई, आणि तिथेच मला कळायला हवं होतं की हे प्रकरण वेगळं आहे.

उरलेली अर्धी संहिता मी फोनला बोलून लिहिली. आता कासारवडवलीच्या फ्लॅटमध्ये खाली मेट्रोचं काम चालू असताना तुम्ही मराठीत काही सांगितलंत, तर फोन त्याला जे ऐकायचं तेच ऐकतो. ‘मोठ्या आत्येने आम्हाला वाढवलं’ याचं त्याने ‘मोठ्या हत्येने आम्हाला हादरवलं’ असं केलं. समासात बाईंचा शेरा : ‘उत्कंठावर्धक. पण पुढे तपास का होत नाही?’

बाई वयाने माझ्या पुतणीएवढ्या. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला काका म्हणतात, आणि ‘काका’ म्हटलं की पुढे काहीतरी कापलं जाणार हे मी शिकलो. आम्ही राम मारुती रोडवर एका हॉटेलात भेटलो. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पान लाल. खाली सरकवलं, तेही लाल. मी आयुष्यभर वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात आवक मालाची तपासणी केली. पुरवठादाराचा माल आला की व्हर्नियर लावायचा, गेज घालून बघायचा, बसला नाही की लाल टॅग. पुरवठादार चहा पाजून म्हणायचे, “साहेब, एवढं लॉट चालवून घ्या, पुढच्या वेळी बघतो.” मी कधी चालवून घेतलं नाही. त्या दिवशी बाईंसाठी चहा मागवताना माझ्या तोंडून आपसूक निघालं, “मॅडम, एवढं प्रकरण चालवून घेता येईल का?”

पहिलं प्रकरण अर्थातच १६ एप्रिल १८५३ ला सुरू होत होतं. ठाण्याबद्दल लिहायचं आणि बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी आणायची नाही, हे कसं चालेल? डबे चौदा, पाहुणे चारशे, तोफांची सलामी, सगळ्यांसकट मी ती आणली होती. शेरा : ‘गाडी सातव्या पानावर ठाण्याला पोचते. तुम्ही तेविसाव्या पानावर जन्मता. मधे काय?’ मधे साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांची माहिती होती. त्यावर : ‘ही तिघं पुढे परत येतात का?’

येत नाहीत.

मग भाषा. मी एकाच वाक्यात ‘आईने पाणी भरले आणि बाबांनी बघितलं’ असं लिहीत होतो. बाईंनी विचारलं, निवेदन ‘केले’मध्ये आहे की ‘केलं’मध्ये? साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ ची त्यात पडलेली चारची भर बाईंना तोंडपाठ. पात्र बोलत असेल तर ‘केलं’, एरवी ‘केले’; सगळं पुस्तकच बोलल्यासारखं हवं असेल तर तसं ठरवा, पण ठरवा. मला वाटायचं, शुद्धलेखन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. ते तर त्यांनी वाटेत जाता जाता निवडून टाकलं होतं. उद्गारचिन्हांचंही तसंच. माझ्या मते आमची चाळ उद्गारचिन्हांशिवाय उभीच राहू शकत नाही, पण त्या वादात मी हरलो आणि ते इथे सविस्तर सांगण्यात अर्थ नाही.

खरी लढाई फर्म्यांवर झाली. डेमी आकाराचं पुस्तक छापताना सोळा पानांचा एक फर्मा होतो, आणि खर्च बराचसा फर्म्यांवर ठरतो. म्हणजे तीन पानं कापून भागत नाही, कापायचा तर फर्मा कापायचा. माझं पुस्तक भरलं एकवीस फर्मे, ३३६ पानं. बाई म्हणाल्या, “काका, हे बारा फर्म्यांचं पुस्तक आहे.” १९२ पानं. मधले नऊ फर्मे म्हणजे कोण, हे त्यांना सांगणं मला भाग होतं.

मधले नऊ फर्मे म्हणजे आमचे नातेवाईक. चौथं प्रकरण कळव्याच्या मेव्हण्यांचं. सातवं धाकट्या काकांचं, त्यांच्या लॅम्ब्रेटा स्कूटरसह. नववं डोंबिवलीच्या वहिनींचं, आणि तब्बल बावीस पानं दादरच्या मोठ्या आत्याची. बाईंचं म्हणणं, मेव्हणे कथेत काही करत नाहीत. मी म्हटलं, ते प्रत्यक्षातही काही करत नाहीत, पण त्यांना आपण पुस्तकात आहोत हे कळलेलं आहे. बाईंनी विचारलं, हे पुस्तक कोणासाठी आहे? समजा, नांदेडला बसलेला एक वाचक आहे, तुम्हाला न ओळखणारा. त्याला हे मेव्हणे का हवेत?

मॅडम, नांदेडला माझं कोणी नाही. कळव्याला आहे. मेव्हण्यांनी पाच प्रती सांगितल्यात, वहिनींच्या भिशी मंडळाच्या दहा, आणि मोठ्या आत्याने तर “वीस घेईन, पण फोटो लग्नातला घाल” असं बजावलंय. नांदेडच्या वाचकाने अजून एकही सांगितलेली नाही. एक प्रकरण कापलं की ते वाचून होणारा आनंद तर जातोच, शिवाय गठ्ठा जातो, आणि वर बारशाचं आमंत्रणही येत नाही. संपादनाच्या कुठल्या पुस्तकात याचा हिशेब असेल असं वाटत नाही.

‘सत्यकथा’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लांबच लांब पत्रं पाठवून कथा पुन्हा पुन्हा लिहायला लावत, हे आमच्या पिढीने मोठ्या कौतुकाने ऐकलं. ऐकताना आम्ही कायम संपादकाच्या बाजूचे असायचो. सोपं होतं, कथा दुसऱ्याची असायची.

तहाची बोलणी लांबली. मी मेव्हणे सोडले, त्यांनी लॅम्ब्रेटा ठेवली. वहिनींची सहा पानं मी छातीशी धरून बसलो. आत्यावर मात्र बाई अडून बसल्या : बावीसची चार पानं. नळावरचं भांडण ठेवा, आणीबाणीत रात्री दाराला कडी न लावता जागत बसायची ते ठेवा. तिचे उपास, तिच्या नणंदा, तिचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं बाहेर. मी ती चार पानं रागारागाने वाचली. वाईट गोष्ट अशी की त्यात आत्या जास्त दिसत होती.

आता हे आत्याला सांगायचं कोणी? बायकोने स्पष्ट सांगितलं, “तुमची आत्या, तुमचं पुस्तक.” तेव्हा चार पानांची मोठ्या अक्षरांत प्रिंट काढली, बाकीचीही संहिता पिशवीत टाकली, जांभळी नाक्यावरून मोसंबी घेतली आणि दादर गाठलं. मोसंबी हा माझा लवादाचा प्रस्ताव होता.

आत्याने चष्मा बदलला. चारही पानं अंगठ्याला थुंकी लावत वाचली. मी पंख्याकडे बघत होतो.

“बरं झालंय,” ती म्हणाली. “गुडघा काढलास ते उत्तम केलंस. माझ्या गुडघ्याचं मला कौतुक नाही, लोकांना कशाला सांगतोस?”

मी सुटकेचा श्वास सोडणार, एवढ्यात तिने पिशवीतली बाकीची पानं ओढली. उशाशी शब्दकोड्याची पेन्सिल होती, ती घेतली. मेव्हणे गेलेले बघून मान डोलावली. लॅम्ब्रेटावर आली, म्हणाली, “ही तुझ्या काकाची नव्हती, ऑफिसची होती,” आणि एक आडवी रेघ. मग डोंबिवलीच्या वहिनी. सहा पानं आत्या एक अक्षर न बोलता वाचत होती, आणि मी ठाणे-दादर घरोब्याच्या भवितव्याचा विचार करत होतो.

“ही यात काय करतेय?”

“अगं, ती आपली—”

“आपली आहे ते मला माहितेय. पुस्तकात काय करतेय?” सहाही पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ. मग ती सुरुवातीला आली, जिथे माझं स्वतःचं नऊ पानांचं मनोगत होतं, ज्याला बाईंनीही दयेपोटी हात लावला नव्हता. आत्याने दोन परिच्छेद वाचले, पेन्सिल कानावर ठेवली आणि मोसंबी सोलायला घेतली.

“त्या तुझ्या बाईंचा नंबर दे. त्यांच्या नजरेतून हे सुटलेलं दिसतंय.”