घरी फोन उघडण्याबाबत : एका वाचकाच्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण गिरगावातून सविस्तर लिहिलेत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. चिकटवलेली बॅटरी घरी बदलू नका, असे सांगून मी लोकांना घाबरवते आणि दुकानदारांचे भले करते, हा आपला मुख्य आक्षेप. वडील रेडिओ आणि मिक्सर घरीच उघडत, मग टूलकिट आणि व्हिडिओ हाताशी असताना फोन का उघडू नये, असेही आपण विचारले आहे.

मिक्सरच्या मोटरमधले कार्बन ब्रश झिजणार हे बनवणाऱ्याने गृहीत धरलेले असते, म्हणून ते काढून बदलता येतात. आजच्या बहुतेक फोनच्या बाबतीत हा विचारच केलेला नाही. मागची काच किंवा डिस्प्ले गोंदाने बसवलेला असतो आणि तो गरम करून, पातळ ओपनर फिरवत सोडवावा लागतो. उष्णता कमी पडली तर काच तडकते, जास्त झाली तर आतल्या भागांना धोका. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी आवळला गेला, तर तो बोर्डाच्या थरांत घुसून आतल्या तारा तोडू शकतो. एवढे सगळे सराव केलेल्या माणसाला जमते. आपल्यालाही जमेल, याविषयी मला शंका नाही.

माझा विरोध बॅटरीपाशी सुरू होतो. काही फोनमध्ये ती ओढून काढायच्या चिकटपट्ट्यांवर बसवलेली असते आणि व्हिडिओत त्या सरळ निघून येतात. जुन्या फोनमध्ये पट्टी अर्ध्यावर तुटते. मग हात आपोआप धातूच्या पट्टीकडे जातो, आणि ती बॅटरीखाली घालून उचकटताना बॅटरी वाकते किंवा तिला भोक पडते. लिथियम-आयन बॅटरीत दोन ध्रुवांना वेगळे ठेवणारा पडदा माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. तो फाटला की आतल्या आत शॉर्ट होते, उष्णतेने आणखी उष्णता वाढत जाते आणि ती साखळी मध्येच थांबवणे घरी जवळजवळ अशक्य असते. धूरही विषारी असतो. चाळीतल्या एका खोलीत, जिथे गॅस, गादी आणि लहान मुले हाताच्या अंतरावर असतात, तिथे हा प्रयोग करू नये, असे मला कळकळीने वाटते. चार्ज २५ टक्क्यांखाली आणून काम करावे, हा सल्ला बरोबर आहे. त्याने धोका कमी होतो, संपत नाही.

पाण्याचा मुद्दा आपण उल्लेखलाच नाही. फोन एकदा उघडला की कारखान्यात बसवलेली पाणीरोधक गोंदाची कड तुटते. घरी ती पुन्हा तशीच बसेल याची खात्री नसते आणि जुलैत दादरच्या पुलावर भिजताना ते कळून उपयोग नसतो.

दुरुस्तीचा हक्क, म्हणजे आपली वस्तू स्वतः किंवा आपल्या पसंतीच्या कारागिराकडून दुरुस्त करता येण्याचा हक्क, मलाही हवा आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झाले. पण पोर्टलवर माहिती मिळाल्याने गोंद सुटत नाही. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमावलीत, काही अपवाद ठेवून, फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला बॅटरी स्वतः काढता यावी अशी अट घातली आहे. आपला राग तिकडे, म्हणजे फोनच्या रचनेकडे वळावा, असे मला वाटते. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरचा फोन दुरुस्त करणारा कारागीर त्याच गोंदाशी रोज झगडतो. फरक इतकाच की त्याच्याकडे हीटिंग प्लेट आणि सराव असतो. समोर बसून काम करून घ्या, बॅटरी कोणत्या दर्जाची ते विचारा आणि बिल घ्या.

शेवटी आपण जाता जाता लिहिले आहे की आपल्या फोनचा डिस्प्ले एका कडेने वर आला आहे आणि रविवारी तो उघडणार आहात. बहुधा बॅटरी फुगली आहे. कृपया रविवारपर्यंत थांबू नका. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, डिस्प्ले दाबून बसवू नका, गादी आणि कपड्यांपासून लांब ठेवा आणि उद्याच दुकानात न्या. जुनी बॅटरी सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.