साडेतीन टक्क्यांचा हिशेब : 'इंग्रजांनी खुला व्यापार दिला' या फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर माझ्याकडे चार ठिकाणांहून आला. सोसायटीचा गट, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा गट, भिशीचा गट आणि शेवटी घरचा. घरच्या गटावर तो आमच्या भाच्याने टाकला, खाली 'कटू पण सत्य' असे लिहून. मजकूर लांबलचक आहे, पण त्याचा गाभा एवढाच :

'इंग्रजांनी हिंदुस्थानात खुला व्यापार आणला. यंत्राचे कापड स्वस्त होते म्हणून हातमाग हरला, सरकारी धोरणाचा त्यात काही संबंध नाही. इंग्रजांनी स्वतःच्या पैशाने रेल्वे बांधली, नाशिकला नोटांचा छापखाना दिला. सामान्य माणूस सुखी होता. विरोध केला तो नोकरी न मिळालेल्या मूठभर शिकलेल्यांनी, आणि स्वदेशीचे खूळ तर १९०५ मध्ये बंगालमधून आले.'

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. तीस वर्षे नाशकात लोकांची आधी विक्रीकराची, मग व्हॅटची, मग जीएसटीची विवरणे भरली. त्यामुळे कोणी 'धोरणाचा संबंध नाही' म्हणाले की आधी करदर काय होता ते विचारायची खोड जडली आहे. तेच इथे करतो.

'खुला व्यापार आणला.'

कोणत्या बाजूने खुला? हिंदुस्थानचे छापील सुती कापड इंग्लंडमध्ये इतके खपत होते, की तिथल्या पार्लमेंटने १७०० मध्ये आणि पुन्हा १७२१ मध्ये कायदे करून त्यावर बंदी घातली. तेव्हा तिकडे कापडाच्या गिरण्या उभ्या राहायच्या होत्या. गिरण्या आल्या, १८१३ मध्ये हिंदुस्थानच्या व्यापारातली ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी गेली, आणि मँचेस्टरचा माल इकडे यायला लागला. त्या सुमाराला आपल्या सुती कापडावर इंग्लंडात किमतीच्या दोन तृतीयांशांहून जास्त जकात होती. त्यांच्या कापडावर इथे अडीच-साडेतीन टक्के. शिवाय देशी मालाला देशातल्या देशात फिरतानाही नाक्यानाक्यावर जकात भरावी लागे, ती १८३० आणि १८४० च्या दशकांत उठली. तोवर बाजार हातचा गेला होता.

याला कोणी खुला व्यापार म्हणत असेल, तर एकाच बाजूने उघडणाऱ्या दाराला खिंडार का म्हणू नये?

'यंत्राचे कापड स्वस्त होते म्हणून हातमाग हरला.'

या वाक्यात अर्धे खरे आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जकात समान असती तरी साध्या कापडात यंत्राने हाताला मागे टाकलेच असते. सर्वांत आधी चरखा बसला. सूत कातून घरात दोन पैसे आणणाऱ्या बायकांचे उत्पन्न गेले. त्यांची नोंद कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसते, ना या बाजूच्या ना त्या. विणकर मात्र सगळे संपले नाहीत. गिरणीचे स्वस्त सूत घेऊन पुष्कळांनी माग चालू ठेवले. १८५७ नंतरच्या धरपकडीतून आणि पाठोपाठच्या दुष्काळातून बाहेर पडलेले उत्तरेकडचे मोमीन विणकर मालेगावात येऊन स्थिरावले, आणि त्या गावाची पुढची सगळी वाढ मागावरच झाली. येवल्याचे रेशीम टिकले. आमच्या तांबट आळीतले ठोके थांबले नाहीत, फक्त पत्रा परदेशातून येऊ लागला.

जाता जाता आपल्या बाजूच्या लोकांचेही दोन फॉरवर्ड खोडतो. 'इंग्रजांनी ढाक्याच्या विणकरांचे अंगठे कापले' या गोष्टीचे मूळ १७७२ च्या एका इंग्रजी पुस्तकात आहे. कंपनीच्याच नोकरीत राहिलेल्या विल्यम बोल्ट्सने ते लिहिले. त्यात रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांनी सक्तीच्या कामातून सुटायला स्वतःचे अंगठे कापून घेतल्याचे म्हटले आहे. हे कमी भयंकर आहे असे नाही, पण गोष्ट वेगळी आहे. दुसरा, '४५ लाख कोटी डॉलर लुटले' हा आकडा. तो मूळ रकमेवर दीडदोनशे वर्षांचे व्याज चढवून काढलेला आहे. व्याजदर बदलला की आकडा बदलतो. माझ्या अशिलाने असा हिशेब आणला असता तर मी त्यावर सही केली नसती.

आता मुद्द्याचे. 'यंत्र विरुद्ध हात' हा युक्तिवाद ज्या दिवशी मुंबईत आपली गिरणी उभी राहिली त्या दिवशी संपायला हवा होता. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी स्थापन केली. चाळीस वर्षांत मुंबईत धुराडीच धुराडी झाली. म्हणजे आता यंत्र विरुद्ध यंत्र. आणि सरकारने काय केले?

१८७७ मध्ये पार्लमेंटने ठराव केला, की हिंदुस्थानातली कापडावरची आयात जकात उठली पाहिजे. १८७९ मध्ये व्हाइसरॉय लिटनने स्वतःच्या कौन्सिलातल्या बहुमताला डावलून जाड्याभरड्या विलायती कापडावरची जकात माफ केली. वेळ बघा : दख्खनचा मोठा दुष्काळ नुकता सरत होता, अफगाणिस्तानात लढाई चालू होती, तिजोरीत खडखडाट होता. १८८२ मध्ये मीठ आणि दारूसारखे अपवाद सोडून बहुतेक सगळी आयात जकातच गेली. मिठावर मात्र कर राहिला. ज्याला मीठ लागते त्याच्याकडून घ्यायचे आणि ज्याला बाजार लागतो त्याला सोडायचे, असा तो अंदाजपत्रकाचा ताळा होता.

पुढे रुपया घसरला. लंडनला पौंडात पाठवायच्या रकमा रुपयात फुगल्या, आणि १८९४ मध्ये सरकारला आयात जकात परत बसवणे भाग पडले, पाच टक्के. लँकेशायरने, म्हणजे मँचेस्टरच्या गिरणी-परगण्याने, आरडाओरड केली. मग तडजोड म्हणून मुंबईच्या गिरण्यांच्या बारीक सुतावरही पाच टक्के अबकारी, म्हणजे देशात तयार झालेल्या मालावरचा कर, बसवली. तेवढ्यानेही त्यांचे समाधान झाले नाही. १८९६ मध्ये नवी मांडणी आली : विलायती कापडावर आयात जकात साडेतीन टक्के, आणि हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावर अबकारीही साडेतीन टक्के. इतर बहुतेक आयात मालावर पाच टक्के चालू, कापडाला तेवढी खास सवलत.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या धंद्यातली गंमत इथेच आहे. आयात जकात लावली की सरकारला पैसे मिळतात आणि देशी उत्पादकाला थोडी सावली मिळते. बरोबर तेवढाच कर देशी उत्पादकावर बसवला की पैसे मिळतात, सावली जाते. ही अबकारी आपल्याच सरकारने आपल्या गिरणीवर लावली, आणि लावण्याचे कारण एवढेच की परदेशी स्पर्धकाला वाईट वाटू नये. शिवाय आपल्या गिरण्या मुख्यतः जाडेभरडे कापड विणत, लँकेशायरचा भर बारीक कापडावर. म्हणजे ज्या मालात खरी स्पर्धा नव्हतीच त्यावरही कर बसला, आणि तो भरला कोणी? जाडे धोतर नेसणाऱ्याने.

साडेतीन टक्के म्हणजे किरकोळ, असे भाच्याचे म्हणणे पडले. त्याला म्हटले, लासलगावला जा आणि विचार. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आले तेव्हा बाजार समित्यांत लिलाव बंद पडले होते. शुल्काने भाव कसा हलतो हे आपल्या जिल्ह्यातल्या दहावी नापास शेतकऱ्यालाही शिकवावे लागत नाही. दर लहान असो वा मोठा, तो कोणासाठी बसवला हे घेणाऱ्याला कळते. (आजच्या सरकारची आणि त्या सरकारची तुलना मी करत नाही. आज मतपेटी आहे. तेव्हा मत होते मँचेस्टरच्या मतदाराला.)

ती अबकारी १९२५ च्या डिसेंबरपर्यंत चालली, जवळजवळ तीस वर्षे. 'धोरणाचा संबंध नाही' म्हणणाऱ्याने या तीस वर्षांचे काय करायचे ते सांगावे.

'स्वतःच्या पैशाने रेल्वे बांधली.'

भांडवल लंडनच्या भागधारकांचे, हे खरे. पण त्यावर पाच टक्के परताव्याची हमी होती, आणि तेवढा नफा झाला नाही तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरली जाई. तोटा झाला तरी व्याज पक्के असल्यावर खर्चाला हात कोण आखडता घेईल? कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला गाडी आली, नाशिक जोडले गेले, याचा फायदा झालाच. तो नाकारणे वेडेपणा आहे. पण इंजिने बहुतेक सगळी ब्रिटनची, आणि मालवाहतुकीचे दर बंदराकडे जाणाऱ्या कच्च्या मालाला आणि बंदरातून येणाऱ्या तयार मालाला सोयीचे. देशातल्या दोन गावांमधल्या मालाला महाग. १९१६ ते १८ च्या औद्योगिक आयोगानेही या दरांबद्दल तक्रार नोंदवली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळातही देशातून धान्य बाहेर जात राहिले.

दारणा धरण आणि नांदूरमधमेश्वरचे कालवे त्यांनी बांधले हे खरे, पण विसाव्या शतकात, मोठे दुष्काळ होऊन गेल्यावर. (त्या पाण्यावरून नगरकरांशी आणि आता मराठवाड्याशी आपले काय चालते, तो वेगळा लेख.)

'सामान्य माणूस सुखी होता, विरोध मूठभर शिकलेल्यांचा.'

या मुद्द्यावर मला खरा राग आला, कारण हा नाशिक जिल्ह्यात बसून फॉरवर्ड केला जातो.

राघोजी भांगरे कोणत्या कॉलेजात शिकला होता? १८४० च्या दशकात नाशिक-नगरच्या डोंगरात कोळ्यांना घेऊन त्याने सावकार आणि सरकार दोघांशी झुंज दिली. १८४८ मध्ये ठाण्याला फाशी गेला. भागोजी नाईक भिल्लाने १८५७ मध्ये सिन्नरजवळ नांदूर शिंगोट्याला पोलीस अधिकारी हेन्रीला मारले आणि दोन वर्षे सरकारला दमवले. १९२१ मध्ये मालेगावात खिलाफतीच्या दिवसांत उसळलेल्या जमावात विणकर होते; तिथे पोलीस अधिकारी मारला गेला आणि नंतर काही जण फाशी गेले. १९३० मध्ये कळवण तालुक्यात चणकापूरला आदिवासींनी जंगल सत्याग्रह केला. १८७८ च्या जंगल कायद्याने सरपणाची मोळीसुद्धा गुन्हा ठरली होती.

या सगळ्यांनी जकातीचे तक्ते वाचून बंड केले असे मी म्हणणार नाही. कोणाच्या मागे सावकार होता, कोणाच्या मागे जंगलखाते, कोणाच्या मनात धर्म. अनंत कान्हेरेने २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळी झाडली, तीही बाबाराव सावरकरांच्या शिक्षेचा सूड म्हणून. कापडाच्या अबकारीशी तिचा धागा जोडणे ओढाताण होईल. पण 'सुखी होते' हे तर कुठेच बसत नाही.

'शिकलेल्यां'बद्दलही एक सांगायला हवे. जोतीराव फुले यांना इंग्रजांच्या शिक्षणाचे कौतुक होते, तरी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये विलायती मालाने साळी-कोष्ट्यांची उपासमार कशी झाली हे त्यांनी लिहिले. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यकारभारावर आणि अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला आणि कंपनीच्या हिशेबाची चिरफाड केली. त्याच बाबासाहेबांनी १९३० मध्ये इथे काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह उभा केला. घरचा अन्याय आणि बाहेरचा, दोन्हींचा हिशेब एकाच माणसाला ठेवता येतो.

'स्वदेशीचे खूळ बंगालमधून आले.'

हा मुद्दा पटकन संपतो. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्ये मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रे लिहून इंग्रजी राज्याने देश कसा पिळला जातो ते मांडले. लोकहितवादींनी १८४९ मध्ये देशी माल वापरा म्हणून लिहिले. हेच गोपाळराव देशमुख पुढे नाशकात न्यायाधीश होते. सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारात हातकताईच्या खादीत जाऊन बसले. न्यायमूर्ती रानडे १८७८ मध्ये नाशकातच होते, आणि देशी उद्योगांचा विषय त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. १८९६ च्या अबकारीवर महाराष्ट्रात विलायती कापडाच्या बहिष्काराची हाक उठली. बंगालची फाळणी व्हायला तेव्हा नऊ वर्षे होती.

'नाशिकला छापखाना दिला.'

हा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण नाशिकरोडला निम्म्या घरांत कोणी ना कोणी प्रेसमध्ये होते आणि हा अभिमानाचा विषय आहे. माझे सासरेही तिथेच.

प्रेस सुरू झाली १९२५ मध्ये, आधी टपालाची तिकिटे. नोटा १९२८ पासून. त्याआधी सत्तर वर्षे हिंदुस्थानची तिकिटे लंडनला एका खासगी कंपनीत छापली जात आणि बोटीने इकडे येत. नोटाही तिकडूनच. ज्या पत्रावर पुण्याहून नाशिकला जायचे तिकीट लागे, त्या तिकिटाचा कागद, शाई आणि छपाईची मजुरी लंडनला. इथे छापणे स्वस्त पडते हे सरकारच्या लक्षात यायला १९२० चे दशक उजाडले. मजुरी इथे आधीपासूनच स्वस्त होती, ते काही नवे नव्हते.

हे सगळे मी घरच्या गटावर टाकले. भाच्याचे उत्तर आले : 'मामा, एवढं मोठं कोण वाचणार?' त्याचा स्वतःचा फॉरवर्ड मी मोजला. त्याला चार वेळा 'अधिक वाचा' दाबावे लागते.