‘७४७३ काढा, ७४एचसी७३ लावा’: जुन्या काउंटरचं यात नुकसानच

जुन्या फ्रिक्वेन्सी काउंटरचे आकडे उड्या मारू लागले की एक सल्ला हमखास मिळतो: ७४७३ फ्लिप-फ्लॉप (मोजणीच्या साखळीतली, बिट साठवणारी जुनी टीटीएल चिप) सरसकट काढा आणि ७४एचसी७३ (तीच चिप नंतरच्या सीमॉस तंत्रातली) बसवा, पिना त्याच, सप्लाय तोच, वेग जास्त. पिना त्याच, एवढं तरी बिनचूक आहे: व्हीसीसी (सप्लायची अधिक बाजू) ४, ग्राउंड ११.

‘सप्लाय तोच, म्हणून सिग्नलही जुळतो.’ जुळेलच असं नाही. साध्या टीटीएलच्या ‘हाय’ची, म्हणजे १ ची, हमी फक्त २.४ व्होल्टची, एचसीला ५ व्होल्टवर जवळपास ३.५ लागतात. टीटीएल बऱ्याचदा ३.४ च्या आसपास देतं, म्हणून टेबलावर सगळं ठीक वाटतं आणि लोड वाढला की मोजणी घसरते. एचसीटी (टीटीएलच्या व्होल्टेजवर चालणारा एचसीचा प्रकार) घेतलात तर हा एकच प्रश्न सुटतो.

‘बाकी काही बदलावं लागत नाही.’ सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. टीटीएलची उघडी पिन ‘हाय’ धरली जाते. त्या काळी अनेकांनी याच भरवशावर जे आणि के (फ्लिप-फ्लॉपने पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या पिना) मोकळ्या सोडल्या. सीमॉसची उघडी पिन मात्र तरंगते. नुसता हात जवळ नेला तरी आकडा बदलतो. १४, ३, ७, १० (जे-के) आणि २, ६ (क्लिअर, म्हणजे शून्यावर आणणाऱ्या) या पिना तपासा; जी कुठेच जोडलेली नसेल ती १० किलोओहमने व्हीसीसीला बांधा.

‘आउटपुट पुरेसं आहे.’ ७४७३ चं आउटपुट १६ मिलीअँपिअर ओढू शकतं, एचसी आणि एचसीटीचं फक्त ४. पुढे ७४९० या दशक-काउंटर चिपची पिन १, म्हणजे बी क्लॉक (मोजायचे पल्स घेणारी पिन), असेल तर तिला एकटीलाच ४.८ लागतात.

‘वेग जास्त तर उत्तमच.’ ७४७३ ला १५ मेगाहर्ट्झची हमी आहे. क्लॉकवरचे जे बारीक काटे (नको असलेले क्षणिक पल्स) तो पकडत नाही, ते वेगवान चिप मोजते. शिवाय ७४७३ मास्टर-स्लेव्ह आहे: क्लॉक हाय असताना जे पिनवर क्षणभर आलेला पल्सही तो धरून ठेवतो. एचसी७३ फक्त क्लॉकच्या उतरत्या कडेपाशी पाहतो; तो पल्स त्याच्या लेखी नसतोच.

‘नंबर वाचा आणि बदला.’ चिपवर छापलेला ‘७४०४’ हा १९७४ च्या चौथ्या आठवड्याचा तारीख-कोडही असू शकतो. ७४१०७ मध्ये लॉजिक ७४७३ चंच, पण सप्लाय १४ आणि ७ वर. आणि गोल धातूच्या डबीतला फेअरचाइल्डचा म्यूएल ९२३ तर आरटीएल (टीटीएलच्याही आधीचं लॉजिक), ३.६ व्होल्टचा, त्याच्या जागी ५ व्होल्टचं काहीही चालणार नाही.

मुळात सरसकट काढायचंच कशाला? आधी आयसीच्या ४ आणि ११ वरच मोजा: ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत, आणि स्कोपवर रिपल (सप्लायमधला चढउतार) दिसला तर आधी फिल्टर कपॅसिटर बघा. मग क्लॉक आणि क्यू (आउटपुट) स्कोपवर एकत्र बघा. टॉगल जोडणीत (जे-के दोन्ही हाय) क्यूची फ्रिक्वेन्सी क्लॉकच्या बरोबर निम्मी असेल तर त्या चिपला हात लावू नका. खराबच निघाली तर पाय कापून एकेक काढा, म्हणजे जुन्या बोर्डाचे पॅड उखडत नाहीत. मग सॉकेट लावून मूळ ७४७३ च बसवा.