सॉक्रेटिस ‘मला काहीच माहीत नाही’ असं म्हणाला नव्हता

‘मला काहीच माहीत नाही, एवढंच मला माहीत आहे – सॉक्रेटिस. सगळे धर्म शहाणपणाचा हाच अर्थ सांगतात,’ असा मजकूर सध्या फिरतोय. त्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

सॉक्रेटिसने स्वतः काही लिहून ठेवलं नाही. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्समध्ये त्याच्यावर चाललेल्या खटल्यातलं त्याचं भाषण त्याचा शिष्य प्लेटोने लिहिलं, त्यात हे वाक्य नाही. तिथे तो एका राजकारण्याशी बोलून परततो आणि मनाशी म्हणतो, की याला कळत नाही, तरी कळतंय असं वाटतं. मला कळत नाही आणि तसं वाटतही नाही. फरक एवढाच. कारागिरांना बरंच काही येतं, हे तो मोकळेपणाने मान्य करतो. आणि अन्याय करणं वाईट, हे मला ठाऊक आहे, असंही त्याच भाषणात ठामपणे सांगतो! फिरत्या मजकुरात नेमकी हीच बाजू गळून पडते, ते मला फार खटकतं.

आता दुसरी गोष्ट, सगळ्या धर्मांची. चिनी विचारवंत कन्फ्यूशियस सॉक्रेटिसच्या खरोखर जवळचा: माहीत असेल ते माहीत आहे म्हणावं, नसेल ते नाही म्हणावं. केनोपनिषदातलं ‘अविज्ञातं विजानताम्’ (कळलं असं ज्यांना वाटतं, त्यांना ते कळलेलं नसतं) वरवर तसंच वाटतं, पण ते ब्रह्माविषयी आहे, माणसाच्या एकूण अज्ञानाविषयी नाही. बायबलच्या नीतिसूत्रांत शहाणपणाचा आरंभ परमेश्वराच्या भयात आहे. बौद्ध परंपरेत प्रज्ञा, म्हणजे शहाणपण, हे अनित्य (काहीच टिकत नाही), दुःख आणि अनात्म (कायमचा ‘मी’ असा नाही) यांचं प्रत्यक्ष आकलन आहे, आणि तिच्या जोडीला शील (सदाचार) व समाधी (चित्ताची एकाग्रता) लागतात.