४५१ वर्षं सगळ्या गोव्याची नव्हेत

सुट्ट्या जवळ आल्या की गोव्याबद्दलचा एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: वास्को द गामाने गोवा जिंकला, सगळ्या गोव्यावर ४५१ वर्षं पोर्तुगीज राज्य होतं, म्हणून तिथली बहुतेक वस्ती ख्रिस्ती, आणि किनारे नि चर्च सोडली तर बघण्यासारखं काही नाही, दोन दिवस पुरे.

वास्कोचं आधी उरकू. तो १४९८ मध्ये कालिकतजवळ उतरला. गोवा आदिलशाहीकडून घेतला अफोंसो द अल्बुकर्कने, १५१० मध्ये, आणि तोही दोन दमांत. पहिल्यांदा घेतलेलं शहर काही महिन्यांतच हातचं गेलं, ते २५ नोव्हेंबरला परत मिळालं. वास्कोच्या नावाचं शहर गोव्यात आहे, त्यावरून हा गैरसमज झाला असावा.

आता ४५१. १५१० ते १९६१, वजाबाकी बरोबर आहे. पण ती लागू पडते तिसवाडीला, म्हणजे पणजी आणि जुनं गोवं ज्यात येतात त्या तालुक्याला. शेजारचे बार्देस आणि सासष्टी तालुके १५४३ मध्ये आले. या झाल्या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेला मुलूख. उरलेला गोवा, म्हणजे क्षेत्रफळाने मोठा हिस्सा, त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हताच. फोंड्याचा किल्ला १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला. पुढे तो मुलूख शेजारच्या सोंदे संस्थानच्या राजांकडे होता. १७६३ मध्ये हैदरअलीने सोंदे घेतलं, त्या धामधुमीत फोंडा पोर्तुगीजांच्या पदरात पडला. डिचोली आणि सत्तरी त्यांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून मिळवली, आणि पेडणे तर १७८८ मध्ये. म्हणजे पेडण्याचा हिशेब १७३ वर्षांचा. सत्तरीत राणे घराण्याने पोर्तुगीजांना सुखाने राज्य करू दिलं नाही ते वेगळंच: १८५२ मध्ये दीपाजी राणे उठले, १८९५ मध्ये दादा राणे.

जुन्या काबिजादी आणि उरलेला गोवा ही विभागणी ध्यानात घेतली की गोव्यातली मोठी देवळं फोंड्यात का दाटली आहेत तेही कळतं. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादींत देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी देव उचलून हद्दीपलीकडे नेले: कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर मांडवी ओलांडून नार्व्याला गेला. त्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला, तसा शिलालेख दारावर आहे. जुन्या गोव्यातली चर्च बघायला जाणारच असाल, तर फेरीबोटीने दिवाडीला उतरा, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्वे गाठा. देवाने ज्या नदीवरून घर बदललं ती नदी अशी ओलांडता येते.

ख्रिस्ती वस्तीचं उत्तर जनगणनेत आहे. २०११ मध्ये हिंदू सुमारे ६६ टक्के, ख्रिस्ती २५, मुसलमान ८. पुढे बोलायला फारसं उरत नाही.

राहिले किनारे. गोव्याच्या १२ तालुक्यांपैकी डिचोली, सत्तरी, फोंडा, धारबांदोडा आणि सांगे या पाचांना समुद्रच नाही. धारबांदोड्यात तांबडी सुर्लचं, कदंब राजांच्या काळातलं महादेव मंदिर जंगलाच्या कुशीत उभं आहे, काळ्या बेसॉल्टचं, तेही जांभ्याच्या मुलखात. किनाऱ्यालगतच्या भागातही वाळूपेक्षा बघण्यासारखी गोष्ट म्हणजे खाजन शेती. खाडीकाठी बांध घालून आत भात घेतात आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याचं दार, बसवतात. मानशीच्या लाकडी झडपा भरतीच्या दाबाने आपसूक मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. खारं पाणी बाहेर, पावसाचं पाणी निचरून जातं, आणि दाराशी जाळं लावलं की मासळीही मिळते. कोरगूटसारखं खारं सोसणारं भात याच शेतांतलं.

सांग्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्याच्या सपाट कातळावर बैल, हरणं, मोर आणि एक गोल चक्रव्यूह कोरलेला आहे. तो बघायचा तर पावसाळा टाळा; नदी चढली की कातळावरून पाणी वाहतं.