फ्लोरेन्सचा घुमट पँथिऑनवरून उचललेला नाही

वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीने परवा प्रबोधनकालीन वास्तुकलेवरील निबंध वाचायला दिला, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक संदेश त्यात जवळजवळ जसाच्या तसा उतरलेला दिसला. त्याचे म्हणणे असे की, ही वास्तुकला रोमन इमारतींची निव्वळ नक्कल आहे, इटलीतील फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट पँथिऑन या रोममधील प्राचीन मंदिराच्या घुमटाची प्रतिकृती आहे, टोकदार कमान ही या शैलीची खूण आहे आणि तिच्यातील प्रमाणबद्धता केवळ शोभेची आहे.

यांतील घुमटाविषयीचे विधान सर्वांत बेजबाबदार आहे, कारण त्यामुळे एका माणसाची सोळा वर्षांची बुद्धी आणि मेहनत पुसली जाते. पँथिऑनचा घुमट काँक्रीटचा, वर्तुळाकार भिंतीवर बसवलेला आणि माथ्याशी उघडा आहे. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात उभारलेला फ्लोरेन्सचा घुमट मुख्यतः विटांचा, अष्टकोनी आणि दुहेरी कवचाचा आहे. जमिनीपासून लाकडी सेंटरिंग न उभारता तो चढवला गेला. आत कललेल्या थरातील विटा चुना धरेपर्यंत घसरू नयेत, म्हणून ठरावीक अंतरावर एकेक वीट उभी बसवून त्यांना अडवले होते. थरावर थर चढताना या उभ्या विटांची माशाच्या काट्यासारखी तिरपी ओळ तयार होते. प्राचीन ग्रंथांचा जाणकार असलेल्या अल्बेर्तीने 1436 मध्येच, चित्रकलेवरील आपला ग्रंथ ब्रुनेलेस्कीला अर्पण करताना, हे कौशल्य प्राचीनांनाही बहुधा ठाऊक नसावे असे लिहिले आहे. समकालीन जाणत्याची ही साक्ष असताना नक्कल हा शब्द वापरणे मला अन्यायाचे वाटते.

स्तंभांचे प्रकार आणि त्रिकोणी शीर्षे रोमकडून आली, एवढे मान्य करावे लागेल. टोकदार कमान मात्र त्याआधीच्या, मध्ययुगीन गॉथिक शैलीची आहे. प्रबोधनकाळातील वास्तुकारांनी अर्धवर्तुळाकार कमान पसंत केली. फ्लोरेन्सच्या घुमटाची बाह्यरेषा टोकदार आहे हे खरे, परंतु तिचा आराखडा चौदाव्या शतकातच ठरलेला होता आणि ब्रुनेलेस्कीला तो पाळणे भाग होते.

प्रमाणबद्धतेचे उत्तर त्याच शहरातील अनाथाश्रमाच्या ओवरीत मिळते. 1419 मध्ये सुरू झालेल्या त्या बांधकामात स्तंभाची उंची, दोन स्तंभांमधील अंतर आणि ओवरीची खोली जवळपास सारखीच ठेवलेली आहे, त्यामुळे प्रत्येक खण घनाकार होतो आणि त्यावर छोटा घुमट नेमका बसतो. भाचीने आराखड्यावर परकार ठेवून ही मापे स्वतः ताडून पाहिली आणि निबंधातील तो परिच्छेद खोडला.