शेंदूर फासून इंजिन वाचत नाही

आज सकाळी एका स्टेशनाबाहेर चबुतऱ्यावरच्या वाफेच्या नॅरो गेज (अरुंद रुळांवरच्या) इंजिनाला रंग देणं चाललं होतं. कुणीतरी साहेब येणार असावेत, कारण झाडांच्या बुंध्यांनाही ताजा गेरू लागला होता. दोन पोरं, एक शिडी, इनॅमलचे चार डबे. गंजाच्या पोपड्यांवरूनच ब्रश फिरत होता. इंजिनाच्याच बाजूच्या पाण्याच्या टाकीला खालून बोट लावलं तर रंगाच्या पापुद्र्यासकट पत्रा आत गेला आणि चहाच्या रंगाचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पाऊस जाऊन दहा दिवस झालेत.

दगडाला शेंदूर फासला की त्याचा देव होतो. लोखंडाचं तसं होत नाही हो.

जुन्या इंजिनाला खातं ते आत शिरलेलं आणि बाहेर न पडलेलं पाणी. या टाकीचं वरचं झाकण गायब आहे आणि तळाचं भोक गंजाच्या खपल्यांनी बुजलंय. म्हणजे अख्खा पावसाळा टाकी भरत राहणार आणि आतून कुजत राहणार. वर पत्र्याचं झाकण आणि तळाला १२ मिलिमीटरचं भोक, तेही दरवर्षी तारेने मोकळं करायचं. रंगाचा डबा उघडायच्या आधीचं काम हे आहे.

धुराड्याचं तेच. तोंड उघडं असलं की पाऊस थेट स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे धुराड्याखालच्या पेटीत. तिथे वर्षानुवर्षांची राख पडलेली असते. राखेतलं गंधक आणि पाणी मिळून आम्ल तयार होतं आणि तळाचा पत्रा चाळणीसारखा होतो. आधी राख खरवडून काढा, तळ कोरडा करा, मग धुराड्यावर तोंडापेक्षा थोडी मोठी पत्र्याची टोपी बसवा, पण दोन इंच उंच पायांवर, हवा खेळती राहील अशी. प्लॅस्टिक गुंडाळून सुतळीने आवळू नका, आत घाम धरतो.

बॉयलरबाबत तर कुणी विचारतच नाही. वॉशआउट प्लग (बॉयलर धुण्यासाठीची बुचं) काढून फायरबॉक्सच्या, म्हणजे भट्टीच्या, बुडाशी, दोन पत्र्यांच्या मध्ये साचलेला गाळ बाहेर काढावा लागतो, कारण तो ओल धरून ठेवतो. त्यानंतर एक तर सगळी भोकं उघडी ठेवून हवा खेळती ठेवा, नाही तर आत कळीच्या चुन्याची ताटं ठेवून सगळं घट्ट बंद करा आणि चुन्याची भुकटी झाली की बदला. अर्धवट उघडं, अर्धवट बंद ठेवलं तर दोन्हीकडून नुकसान. आणि बॉयलरवरच्या पातळ पत्र्याखाली पांढरं, कापसासारखं काही दिसलं तर हात लावू नका. ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते काढणं प्रशिक्षित माणसांचंच काम.

आता रंग. जुन्या थरांमध्ये शिसं असतं. जुना लाल प्रायमर म्हणजे रसायनाच्या भाषेत शेंदूरच! म्हणून कोरडं घासायचं नाही. ओलं करून खरवडायचं, मास्क लावायचा. मात्र त्याआधी कोपऱ्यात एका ठिकाणी पॉलिश पेपरने पायऱ्या-पायऱ्यांनी थर उघडे करून फोटो घ्या, मूळ रंग कोणता होता ते तिथेच कळतं. आज फासलेला हिरवा कुणी ठरवला, देव जाणे. मग पत्रा धुऊन, वाळवून, त्याच दिवशी झिंक फॉस्फेटचा प्रायमर. आपल्या हवेत उघडं लोखंड रात्रभर ठेवलं की सकाळी तांबूस झालेलं असतं. रिव्हेटांच्या कडा आधी ब्रशने, मग बाकीचं. प्रायमरचे दोन हात, अंडरकोट, शेवटी इनॅमल. पहाटेच्या दवात रंगकाम नको.

त्या पोरांचा यात काय दोष? डबे दिले, सांगितलं, त्यांनी मारला. एकाला मी ते पाणी दाखवलं तर तो म्हणाला, "काका, आतून कोणी बघत नाही." खरंच बोलला.

पण ज्याने कुणी कनेक्टिंग रॉडला (चाकं फिरवणाऱ्या दांड्याला) चंदेरी रंग द्यायला सांगितलं आणि चाकं रुळाला वेल्डिंगने चिकटवली, त्याचं काय करायचं? रॉड आणि क्रॉसहेड (रॉडला पिस्टनशी जोडणारा सरकता ठोकळा) रॉकेलने पुसून ग्रीस लावायचे भाग आहेत. तेलाच्या कपांना बुचं हवीत, नाहीतर पाणी थेट बेअरिंगवर. इंजिन दर काही महिन्यांनी पाव फेरा हलवलं की भार वेगळ्या जागी येतो. वेल्डिंग केल्यावर काय हलवणार, कपाळ? वर पायाशी काँक्रीट ओतलंय, म्हणजे चाकाच्या कडेला कायमची ओल.

हो, मान्य, भंगारात गेलं नाही हेही थोडं नाही.

१८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश इंजिनियरने बार्शी लाइट रेल्वे उभी केली, तेव्हा अडीच फुटी गेजवर प्रत्येक आसावर पाच टनच भार येईल असा हिशेब मांडला. ती लाईन केव्हाच ब्रॉड गेज झाली. त्या हिशेबाचा पुरावा आता उरलेल्या इंजिनांत आणि वाघिणींत. तो असा झाळून टाकला तर पुढचा पोरगा मोजणार काय?

आणि पितळ! शिट्टी, नंबर प्लेट, इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा भाग) हे काढून कुलपात ठेवा, बाहेर फायबरची नक्कल लावा. लीड्सला १८५५ साली बनलेली फेअरी क्वीन १९९७ मध्ये पुन्हा धावली. पुढे तिचेही भाग चोरीला गेले आणि तिला चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यात न्यावं लागलं. एवढ्या नावाजलेल्या इंजिनाची ही गत, तर स्टेशनाबाहेरच्या अनाथाला कोण विचारतो!

लाकडी डब्यांचं थोडक्यात सांगतो. आधी छप्पर. सागवान सहसा खांबांच्या बुडाशी कुजतं. तिथे लांबी (पुट्टी) भरू नका, कुजलेलं कापून जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवा.

मनगटावरचा तो तपकिरी डाग साबणाने गेला. टाकीला पडलेल्या भोकावर संध्याकाळपर्यंत लांबी आणि हिरवा रंग बसलेला असेल, पाणी आतच. तुमच्या गावात असं इंजिन असेल तर टाकीखालून अलगद हात फिरवून या. बोट ओलं झालं तर फोटो इथे टाका.